उतरण्याआधी चढायचं कुठून ते ठरवा
वाचक विचारतात : जेटीवरून स्कूबा डायव्हिंग

पावसाळ्यात बंद असलेले कोकणातले जलक्रीडा प्रकार सुरू झाले की नाशिकच्या हौशी डायव्हरांच्या बॅगा माळ्यावरून खाली येतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न बोट न घेता जेटीवरून पाण्यात उतरण्याबद्दलचे आहेत. दोन-तीन पत्रांत प्रश्न एकच होता, तिथे उत्तर एकत्र दिलं आहे.

प्रश्न : आम्ही चौघांनी गेल्या वर्षी ओपन वॉटरचा (स्कूबाचा पहिला) कोर्स केला. डिसेंबरात मालवणच्या बाजूला जातोय. बोट लागते, उलट्या होतात, म्हणून एखाद्या जेटीवरूनच उडी मारायचा बेत आहे. तयारी कुठून सुरू करायची? (गंगापूर रोड)

बाहेर येण्याच्या जागेपासून. उडी कुठूनही मारता येते. वीस-बावीस किलोचं सामान पाठीवर घेऊन, ओल्या हातांनी, दमलेल्या पायांनी वर कुठून यायचं हे आधी ठरवावं लागतं. जेटीच्या डाइव्हमधला घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. उतरताना पाणी शिडीच्या वरच्या पायरीला लागलेलं असतं आणि परत येईपर्यंत शिडीची शेवटची पायरी हवेत लोंबत असते.

म्हणून आदल्या दिवशी पूर्ण ओहोटीला जेटीवर जा आणि शिडी कुठवर जाते ते बघा. तुमच्या परतीच्या वेळी शेवटच्या दोन पायऱ्या पाण्याखाली असायला हव्यात, नाहीतर पाय टेकवून वजन उचलता येत नाही. पायऱ्या गंजलेल्या नाहीत ना, हे हाताने हलवून बघा. शिडीऐवजी उतरता धक्का असेल तर शेवाळ बघा. रामकुंडाच्या पायऱ्यांवर घसरलेल्या माणसाला शेवाळ म्हणजे काय हे सांगायला नको. इथे त्यात लाटेची भर पडते.

पाण्याची पातळी वाचायला जेटीचे खांबच पुरेसे आहेत. आपण नाशिककर पुराचा अंदाज दुतोंड्या मारुतीवरून घेतो, कुठवर पाणी आलं म्हणजे किती पूर. खांबावरच्या कालवांचा (चिकटून बसणाऱ्या शिंपल्यांचा) पट्टा हा इथला दुतोंड्या मारुती. पट्टा वर जिथे संपतो, साधारण तिथवर नेहमीची भरती चढते. तो पट्टा किती उघडा पडलाय त्यावरून पाणी किती उतरलंय हे लांबूनही कळतं.

त्यानंतर बाहेर येण्याची दुसरी जागा शोधा. प्रवाह जिकडे वाहतो त्या बाजूला दीडशे-दोनशे मीटरवर वाळूची पुळण असेल तर उत्तम. शिडीपाशी अचानक बोट लागली किंवा लाट वाढली, तर तिकडे जायचं हे चौघांनी पाण्यात शिरण्याआधीच ठरवलेलं असावं. दुसरी जागा सापडत नसेल, तर त्या जेटीवर डाइव्ह करू नये असं आमचं मत आहे.

आणि परवानगी. जेटी कुणाची आहे ते आधी शोधा. महाराष्ट्र सागरी मंडळाची असेल तर तिथल्या बंदर कार्यालयात लेखी अर्ज करा. मच्छीमारांची असेल तर त्यांच्या सोसायटीलाही विचारा, कारण मासळी उतरवायची आणि लिलावाची वेळ कागदावर नसते, ती त्यांनाच ठाऊक असते. मालवणला आणखी एक गोष्ट आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी त्याच्या गाभा क्षेत्रात येतं. तिथे मनाला येईल तिथून उतरता येत नाही. स्थानिक परवानाधारक केंद्राचा एक प्रशिक्षक बरोबर घेतलात तर टाक्या, परवानगी आणि बोटवाल्यांशी बोलणं ही तिन्ही कामं एकदम होतात. चार कोर्स-ताज्या माणसांनी आपलेआपण जेटीवर जाऊ नये हे त्याच्याही आधीचं.

प्रश्न : भरतीची वेळ तिथीवरून काढता येते असं आजोबा म्हणतात. ते कसं? आणि डाइव्ह भरतीला करायची की ओहोटीला? (पंचवटी)

आजोबांचं बरोबर आहे. तिथीचा आकडा घ्या आणि पाऊणपट करा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत-बाहेर. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूला चांगला जमतो. दक्षिणेला मालवणकडे भरती त्याच्या आधी येते. त्यामुळे तारीख निवडायला तिथी वापरा, आणि घड्याळ लावायला त्या बंदराचं भरतीचं कोष्टक.

तारीख निवडतानाचा पेच असा. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं. भरती-ओहोटीतला फरक कमी, म्हणून ओढही कमी. पण तेव्हा भरती पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, म्हणजे उजेड नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण. पाणी खूप हलतं, तळचा गाळ उठतो. मधली एकादशी-द्वादशी बरी पडते: भरती सकाळी चांगल्या उजेडात येते आणि उधाणाला अजून दोन-तीन दिवस असतात. एकादशीचा उपास मात्र डाइव्हच्या दिवशी नको. रिकाम्या पोटी आणि कमी पाण्यावर समुद्रात उतरू नका.

डाइव्ह भरतीला. खाडीच्या तोंडाजवळच्या जेटीवर तर भरतीलाच. चढतं पाणी बाहेरच्या समुद्रातलं, म्हणून त्यातल्या त्यात स्वच्छ असतं; उतरतं पाणी खाडीतला चिखल घेऊन येतं. कोष्टकातल्या भरतीच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास पाण्यात शिरायचं आणि भरती होऊन वीस मिनिटं झाली की शिडीपाशी असायचं.

ही घाई कशासाठी ते आकड्यांत पाहू. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक असं उतरतं. समजा फरक १.८ मीटर आहे. पहिल्या तासात १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतही नाही. तिसऱ्या एका तासात ४५ सेंटिमीटर, म्हणजे चांगलं हातभर. उशीर झाला की शिडीही जाते आणि ओढही वाढते.

पाणी खरोखर थांबलंय का, हे कोष्टकापेक्षा नांगरलेल्या होड्या चांगलं सांगतात. सगळ्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकाच दिशेला असेल तर प्रवाह चालू आहे. होड्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून रेंगाळू लागल्या की पाणी संथ झालं. मोजूनच बघायचं असेल तर नारळाच्या सोडणाचा तुकडा पाण्यात टाका आणि जेटीवर दहा मीटर अंतर पावलांनी मापून घ्या. तुकड्याला दहा मीटर जायला चाळीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर थांबा. वीस सेकंदांत गेला तर वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे जवळपास एक नॉट झाला. त्याविरुद्ध पोहून सामानासह परत येणं नवख्याच्या आवाक्यातलं नाही.

प्रश्न : कोर्समध्ये ‘टाकीत पन्नास बार (हवेचा दाब) उरले की वर या’ असं शिकवलं होतं. जेटीच्या डाइव्हला तेच पुरेल का? (इंदिरानगर)

पुरणार नाही. बोटीवर तुम्ही जिथे वर येता तिथे बोट येते. जेटी तुमच्याकडे येत नाही. म्हणून हवेचा हिशेब परतीच्या अंतरावरून मांडायचा.

आपल्याकडे भाड्याने मिळते ती बहुधा ८० घनफुटांची ॲल्युमिनियमची टाकी. तिची पाण्याची क्षमता ११.१ लिटर, म्हणजे १ बार म्हणजे ११.१ लिटर हवा. आता वाईटात वाईट प्रसंग धरा. १० मीटर खोलीवर, शिडीपासून ७५ मीटर दूर असताना जोडीदाराची हवा संपली. दोघेही तुमच्या टाकीवर. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरू. १० मीटरवर दाब २ बार, म्हणजे दोघांचे मिळून मिनिटाला १२० लिटर. मिनिटाला पंधरा मीटर या वेगाने ७५ मीटरला पाच मिनिटं, म्हणजे ६०० लिटर. वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब दीड बार, म्हणजे आणखी १८०. एकूण ७८० लिटर, म्हणजे ७० बार. हा तुमचा राखीव साठा. त्याला हात लावायचा नाही.

टाकी २०० बारची असली तरी २०० धरू नका. नुकतीच भरलेली टाकी गरम असते. ४५ अंशांना २०० दाखवणारा दाबमापकाचा काटा २७ अंशांच्या पाण्यात १८८च्या आसपास येतो. १८८ मधून ७० गेले, उरले ११८. त्यातले निम्मे जायला आणि निम्मे यायला. म्हणजे काटा १३० वर आला की वळायचं, मग समोर पाकट (स्टिंगरे) बसलेली का असेना. दोघांपैकी ज्याचा काटा आधी १३० वर येईल त्याच्यासाठी दोघांनीही वळायचं.

शक्य असेल तर जाताना प्रवाहाविरुद्ध जा आणि येताना प्रवाहाबरोबर या. उलट केलं तर हा सगळा हिशेब कोलमडतो, कारण परतीला वेळ दुप्पट लागतो आणि श्वासही वाढतो.

प्रश्न : आम्ही नाशिकच्या तरणतलावात सराव करतो. तिथे बुडण्यासाठी चार किलोची वजनं लावली की बरोबर बसतं, ना वर ना खाली. समुद्रात किती लावावं? (सातपूर)

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. तुमचं आणि सामानाचं मिळून वजन १०० किलो असेल तर अडीच किलो जास्त लागतील. म्हणजे चारचे साडेसहा.

पण तलावात ‘बरोबर’ कसं ठरवलं, हे आधी सांगा. टाकी भरलेली असताना ठरवलं असेल तर ते चार किलो चुकीचे आहेत. २०० बारवरून ५० वर येईपर्यंत टाकीतली सुमारे दोन किलो हवा खर्च होते, आणि ॲल्युमिनियमची टाकी शेवटी तरंगू लागते. वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर थांबायचं असतं; सुरुवातीला छान बसलेला माणूस शेवटी तिथे थांबूच शकत नाही. तपासणी अशी करा: टाकीत ५० बार, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) पूर्ण रिकामी, नेहमीचा श्वास घेऊन रोखलेला, शरीर उभं, पाय स्थिर. पाणी डोळ्यांच्या रेषेत असलं पाहिजे आणि श्वास सोडला की सावकाश खाली जायला हवं. समुद्रात पोचल्यावर जेटीशेजारी, उभं राहता येईल अशा उथळ पाण्यात हे पुन्हा एकदा करा. तलावात पातळ कपड्यांत आणि समुद्रात तीन मिलिमीटरच्या सूटमध्ये, असं असेल तर गणित आणखी बदलतं.

त्याच पत्रात गंगापूर धरणात सराव करण्याबद्दल विचारलं आहे. नको. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, तळाला गाळ आहे, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे समुद्रासाठीची डाइव्हची कोष्टकं (किती खोल, किती वेळ) जशीच्या तशी लागू पडत नाहीत. १८ मीटरचं पाणी तिथे १९ मीटरच्या वर धरावं लागतं. तलावच बरा.

प्रश्न : जेटीखाली मासे खूप असतात म्हणे. आत शिरावं का? जाळ्यात अडकलो तर? (देवळाली कॅम्प)

मासे असतात, म्हणूनच गळ आणि जाळीही असतात. वर पाहिल्यावर आकाश दिसलं पाहिजे, हा नियम ठेवा. बाहेरच्या रांगेतल्या खांबांना बाहेरच्या बाजूने फेरी मारा. आत स्लॅबखाली सरळ वर येता येत नाही. लाटेबरोबर पाणी खांबांमधून पुढे-मागे होतं आणि कालवांच्या कडा पत्र्यासारख्या कापतात. खांबापासून हातभर दूर राहा. हातमोजे घाला, पण ते हात टेकायला नव्हेत, चुकून लागलं तर वाचवायला.

अडकण्यात मुख्य भानगड नायलॉनच्या तंगूसची, म्हणजे गळाच्या दोऱ्याची. पाण्यात तो दिसत नाही. पाठीमागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं तेव्हाच कळतो. अशा वेळी गर्रकन मागे वळून बघण्याची ऊर्मी येते, आणि तीच घातक. वळलात की तो तुमच्याभोवती गुंडाळला जातो. पाय मारणं थांबवा. जोडीदाराला खूण करा. अर्धा हात मागे सरका, म्हणजे ताण सुटेल. बहुतेक वेळा तंगूस टाकीच्या व्हॉल्व्हला किंवा फिनच्या (पायात घालायच्या पंखाच्या) पट्ट्याला अडकलेला असतो, आणि तो जोडीदाराला दिसतो, तुम्हाला नाही. त्याला कापू द्या. कापायची दोन साधनं असावीत. एक छातीपाशी, कोणत्याही हाताने निघेल असं; दुसरं कमरेला. मोठी सुरी फिल्मी दिसते, पण तंगूसाला लहान हुकासारखं कटर आणि दोरखंडाला बोथट टोकाची जाड कात्री जास्त कामाची. फिनच्या पट्ट्यांची लोंबती टोकं आधीच चिकटपट्टीने बांधून टाका.

जोडीदार पोचत नसेल आणि व्हॉल्व्ह सुटत नसेल तर बीसीडी काढून पुढे घ्यावी लागते. रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं साधन, तोंडातच. वजनं बीसीडीच्या खिशात असतील तर लक्षात ठेवा: बीसीडी हातातून सुटली तर ती खाली जाईल आणि तुम्ही सूटसकट वर. हे पहिल्यांदा समुद्रात करू नका. तरणतलाव त्यासाठीच आहे.

प्रश्न : डायव्हिंगचा झेंडा लावला की बोटी लांब राहतात ना? (नाशिक रोड)

ज्याला झेंड्याचा अर्थ ठाऊक आहे तो राहतो. मासळी घेऊन लगबगीने येणारा तांडेल लांबून झेंडा बघेलच असं नाही. झेंडा लावाच, पण पाचवा माणूस जेटीवर उभा करा, शिट्टी आणि दुर्बीण घेऊन. त्याने डाइव्हच्या आधी तिथल्या खलाशांना तोंडी सांगितलेलं असावं: इतके जण, इतक्या वाजेपर्यंत, या बाजूला. त्याच्याकडे पाण्यात उतरल्याची वेळ आणि परतीची ठरलेली वेळ लिहिलेली असावी. दहा मिनिटं वर गेली की बुडबुडे शोधायचे. वीस मिनिटं झाली की तटरक्षक दलाला १५५४ वर फोन. रुग्णवाहिकेला १०८.

पाण्याखाली इंजिनचा आवाज येतो, पण दिशा कळत नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो. म्हणून आवाज असेपर्यंत तळाजवळ, खांबाच्या आडोशाला थांबा. मग पाच मीटरवरून एसएमबी, म्हणजे फुगवायचा नारिंगी फुगा, वर सोडा, तीन मिनिटं थांबा आणि त्याच दोरीच्या बाजूने वर या. दोरी हातात धरा, अंगाला बांधू नका.

प्रश्न : पाकट किंवा लायनफिशचा काटा लागला तर? (सिन्नर)

गरम पाणी. ४० ते ४५ अंश, सहन होईल इतकं, तासभर जखम त्यात बुडवून ठेवा, वेदना उतरते. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. थर्मास भरून न्या, जेटीवर चूल नसते. काटा खोल रुतला असेल, छातीत-पोटात असेल तर उपटू नका, तसेच रुग्णालयात न्या. वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घासत न्या, म्हणजे पाकट आधीच पळते.

कालवाने कापलेली जखम किरकोळ समजू नका. गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख बघा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

प्रश्न : रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह करून रात्रीच नाशिकला निघालो तर चालेल का? विमान तर नाहीच. (कॉलेज रोड)

विमान नाही, पण घाट आहे. डाइव्हनंतर शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी सर्वमान्य शिफारस अशी: एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८. ती ६०० मीटरच्या पुढच्या उंचीसाठी आहे, आणि नाशिक, इगतपुरी नेमके त्या रेषेवर बसतात. आंबोली तर ६९० मीटरच्या आसपास.

त्यामुळे रस्ता कोणता यालाही महत्त्व आहे. मालवणहून आंबोली, फोंडा किंवा गगनबावड्याने कोल्हापूर-पुण्याकडे निघालात तर दोन-तीन तासांत घाट चढलेला असतो, म्हणजे सर्वात वाईट वेळी. मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलपर्यंत आलात तर बहुतेक वेळ खालीच जातो आणि कसारा घाट शेवटी येतो, दहा-बारा तासांनी. तरीही सरळ मार्ग हाच: शेवटची डाइव्ह रविवारी सकाळी, मुक्काम तिथेच, सोमवारी सकाळी प्रस्थान. रात्रभर गाडी चालवून थकलेला चालक हा त्या बुडबुड्यांपेक्षाही मोठा धोका आहे. जाताना पण हेच: शनिवारी पहाटे पोचून आठला पाण्यात, असं करू नका.

प्रवासात सांधा ठणकू लागला, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा न समजणारा थकवा आला तर ‘गाडीत अवघडलो’ म्हणून सोडून देऊ नका. आडवं झोपवा, शंभर टक्के ऑक्सिजन मिळेल तिथे न्या आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात डाइव्ह केल्याचं सांगा. पुन्हा पाण्यात उतरून दाब द्यायचा प्रयत्न कधीही करू नका. निघण्याआधीच डायव्हरांवर उपचार करणारं जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (पुन्हा दाब देऊन उपचार करायची खोली) कुठे आहे ते फोन करून विचारा. जखमा भरण्यासाठी चेंबर ठेवणारी सगळीच रुग्णालयं हे उपचार करत नाहीत.

प्रश्न : थोडी सर्दी आहे, गोळी घेऊन उतरू का? (म्हसरूळ)

नाही. गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना हवा कानात आणि सायनसमध्ये कोंडते, आणि तेव्हा खाली राहण्याचा पर्याय नसतो. जेटीवर थांबा. वर म्हटलेला शिट्टी-दुर्बीणवाला पाचवा माणूस मिळाला.